दिल्ली ब्रदरहूडची दीडशे वर्षे कशी मोजावीत?

संस्थांच्या वर्धापनदिनी जी स्मरणिका निघते, तिचा क्रम सगळीकडे ठरलेला असतो. आधी मान्यवरांचे शुभसंदेश, मग संस्थापकांची तसबीर, त्यानंतर इमारतींची छायाचित्रे आणि शेवटी आकडे: इतक्या शाखा, इतके विद्यार्थी, इतके लाभार्थी. पतपेढीला किंवा शिक्षणसंस्थेला हा क्रम शोभतो, कारण वाढणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. पण आपल्या धर्मसंस्थेला आलेली सुस्ती घालवण्यासाठी, तिच्यात नवी जान आणण्यासाठी जो गट जन्माला आला, त्याचा वर्धापनदिन याच क्रमाने साजरा केला तर मोठीच विसंगती होते. पदे, मालमत्ता आणि प्रतिष्ठा यांच्या ओझ्याखाली चर्च दबले आहे, असे म्हणत जे साधेपणाकडे वळले, त्यांच्या दीडशेव्या वर्षी आपण पुन्हा पदे आणि मालमत्ताच मोजायच्या, हे त्यांनाही आवडले नसते. हा प्रश्न काल्पनिक नाही. दिल्लीच्या सिव्हिल लाइन्स भागात, ७ कोर्ट लेन या पत्त्यावर ‘ब्रदरहूड ऑफ द असेंडेड क्राइस्ट’ या ख्रिस्ती बंधुसंघाचे घर आहे. लोक त्याला नुसते ‘दिल्ली ब्रदरहूड’ म्हणतात. केंब्रिज विद्यापीठातल्या तरुणांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या ‘केंब्रिज मिशन टू दिल्ली’चा हा वारस; म्हणजे २०२७ मध्ये त्याला दीडशे वर्षे होतील. या वर्षांचा हिशोब मांडायचा असेल तर संघाने काय उभारले यापेक्षा काय सोडून दिले, आणि काय सोडायला हवे असताना सोडले नाही, हे पाहावे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवातीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. दिल्लीत अँग्लिकन मिशनचे काम १८५७ च्या आधीच सुरू झाले होते. दिल्ली कॉलेजातले गणिती मास्टर रामचंद्र यांनी १८५२ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहरात बरीच खळबळ उडाली होती. सत्तावन्नच्या उठावात मिशनची माणसे मारली गेली, रामचंद्र वाचले. त्यानंतर वीस वर्षांनी एडवर्ड बिकरस्टेथ आणि जॉन मरे हे केंब्रिजचे दोघे आले, पाठोपाठ सॅम्युअल ऑलनट आणि जॉर्ज लेफ्रॉय आले. अविवाहित राहायचे, एका घरात राहायचे, प्रार्थनेच्या वेळा एकत्र पाळायच्या, पैसा सामायिक ठेवायचा, अशी त्यांची रीत होती. आज हे नवलाचे वाटत नाही. पण आठव्या हेन्रीने मठ बंद पाडल्यावर इंग्लंडच्या चर्चमध्ये तीनशे वर्षे असे सामुदायिक व्रतस्थ जीवन जवळजवळ नव्हतेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते पुन्हा सुरू झाले आणि जुन्या चर्चवाल्यांच्या डोळ्यांत खुपलेही. त्याच लाटेतले काउली फादर पुण्यात आले होते. १८९० मध्ये ज्यांच्या पंचहौद मिशनमध्ये चहा प्यायल्यावरून रानडे आणि टिळकांपर्यंत साऱ्यांवर ग्रामण्य आले, ते मिशन त्यांचेच. मराठी इतिहासात हा प्रसंग सनातनी विरुद्ध सुधारक असाच सांगितला जातो. चहा पाजणारे स्वतः आपल्या चर्चमधले सुधारक होते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

दिल्लीत आलेल्यांची योजना मोठी होती. प्राचीन अलेक्झांड्रियात जसे ग्रीक विद्या आणि ख्रिस्ती श्रद्धा समोरासमोर बसल्या, तसे हिंदुस्थानात घडावे, हे स्वप्न लाहोरचे पहिले बिशप फ्रेंच आणि केंब्रिजचे वेस्टकॉट यांचे होते. १ फेब्रुवारी १८८१ रोजी चांदनी चौकाजवळ, किनारी बाजाराच्या कटरा खुशाल राय या गल्लीत, पाच विद्यार्थ्यांवर सेंट स्टीफन्स कॉलेज सुरू झाले. ऑलनट पहिले प्राचार्य. वरच्या वर्गाला शिकवले की विचार खाली झिरपत जातील, हा त्या काळचा लाडका सिद्धान्त होता. प्रत्यक्षात बाप्तिस्मा घ्यायला येत होते ते वेगळेच लोक: दर्यागंज आणि आसपासच्या वस्त्यांतले चर्मकार. १८७७-७८ च्या दुष्काळाच्या सुमारास त्यांची संख्या वाढली. मग मिशनऱ्यांनाच शंका येऊ लागली, की हे लोक श्रद्धेने आले की पोटासाठी. लेफ्रॉयने दर्यागंजात काही ख्रिस्ती कुटुंबांसाठी वेगळी घरे उभारली आणि राहणाऱ्यांवर अटी घातल्या: रविवारी काम बंद, आणि जन्म, लग्न, मृत्यू यांचे विधी फक्त ख्रिस्ती पद्धतीने. १८८४ मध्ये या प्रश्नावर बिरादरीची मोठी पंचायत बसली. लेफ्रॉय स्वतः तिथे हजर होता. समोर गंगाजल ठेवले गेले. ज्यांना बिरादरीत राहायचे त्यांनी ते घ्यावे, अशी कसोटी होती. बहुतेकांनी ते घेतले आणि मिशनच्या बाजूला थोडी घरे उरली. लेफ्रॉयने या घटनेवर त्याच वर्षी दर्यागंजच्या चर्मकारांविषयी एक पुस्तिका लिहिली.

त्या पुस्तिकेवरून नंतरच्या अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे, आणि ब्रदरहूडच्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग मला हाच वाटतो. मिशनच्या दृष्टीने तो निष्ठेच्या परीक्षेतला पराभव होता. चर्मकारांच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे दिसते. त्यांना ख्रिस्त हवा होता आणि बिरादरीही हवी होती. बिरादरी म्हणजे त्यांची लग्ने, त्यांचे कर्ज, त्यांचा धंदा आणि अडल्यावेळचा खांदा. ती सोडा, असे सांगणाऱ्यांच्या पाठीशी केंब्रिजचे वर्गणीदार होते. सोडणाऱ्यांच्या पाठीशी कोण उभे राहणार होते? साऱ्या मोहापासून दूर होण्याचे व्रत घेतलेल्या तरुणांनी या वेळी स्वतः काहीच सोडले नाही. अटी ठरवण्याचा अधिकार त्यांनी आपल्याकडेच ठेवला. इंग्लंडमधून आणलेला शुद्ध ख्रिस्ती जीवनाचा नमुना सोडून, या माणसांना स्वतःची मंडळी स्वतःच्या रीतीने बांधू द्यावी, असे त्यांच्या मनात आले नाही. आपल्याकडे अहमदनगर आणि सोलापूरच्या बाजूला महार-मांग वस्त्यांत मिशनांचा हाच पेच झाला होता, आणि तिथेही तो बहुतेक वेळा वरून नियम घालूनच सोडवला गेला.

बावीस वर्षांनी दुसरा प्रसंग आला आणि त्यात मात्र हा गट वेगळा वागला. १९०६ मध्ये सेंट स्टीफन्सचे प्राचार्यपद रिकामे होत होते. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज १९०४ मध्ये दिल्लीत आले होते. दिल्लीत कॉलऱ्याने गेलेले बेसिल वेस्टकॉट त्यांचे जिवलग मित्र. त्यांच्या जागी जावे या ओढीने ते आले. त्यांनाच प्राचार्य करावे, असे अनेकांना वाटत होते. अँड्र्यूजनी उलट भूमिका घेतली. सुशीलकुमार रुद्र १८८६ पासून कॉलेजात शिकवत होते, उपप्राचार्य होते. मग त्यांना डावलून नुकत्याच आलेल्या इंग्रजाला ती जागा का? समोरून आलेली कारणे आजही कुठल्याही कार्यालयात ऐकू येतील अशी होती. पालकांचा भारतीय प्राचार्यावर विश्वास बसणार नाही. शिस्त ढासळेल. इंग्रज प्राध्यापक भारतीयाच्या हाताखाली कसे काम करतील? तोवर लाहोरचा बिशप झालेल्या लेफ्रॉयचाही विरोध होता. अँड्र्यूजनी राजीनाम्याची तयारी दाखवली आणि रुद्र प्राचार्य झाले. पुढची सतरा वर्षे ते पद त्यांच्याकडे होते. ना शिस्त ढासळली, ना पालकांनी पाठ फिरवली.

या एका माघारीतून जे निघाले, ते कुठल्याही नव्या इमारतीतून निघाले नसते. एप्रिल १९१५ मध्ये गांधीजी पहिल्यांदा दिल्लीला आले तेव्हा काश्मिरी गेटजवळ रुद्रांच्याच घरी उतरले आणि नंतरही उतरत राहिले. खिलाफतीच्या मागणीला ठोस रूप देणारे व्हाइसरॉयना लिहिलेले खुले पत्र याच छपराखाली तयार झाले, रुद्र आणि अँड्र्यूज यांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या, हे गांधीजींनी १९२५ मध्ये रुद्रांच्या मृत्यूनंतर ‘यंग इंडिया’त स्वतः लिहून ठेवले आहे. इंग्रज प्राचार्याच्या बंगल्यात हे घडणे शक्य नव्हते. अँड्र्यूज तर त्याही पुढे गेले. १९१३ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांसाठी निधी जमवत होते, तेव्हा अँड्र्यूजनी साठवलेले पैसे त्यांच्या हवाली केले. गोखल्यांच्याच सांगण्यावरून सहकारी पिअर्सन यांच्यासह ते निघाले आणि जानेवारी १९१४ मध्ये डर्बनला पोचले. गोखल्यांना अशा माणसाची पारख असणे स्वाभाविक होते. १९०५ मध्ये पुण्यात त्यांनी काढलेला भारत सेवक समाजही व्रत, अल्प वेतन आणि सामायिक शिस्त याच पायावर उभा होता. १९१४ मध्येच अँड्र्यूजनी ब्रदरहूड सोडले आणि शांतिनिकेतनची वाट धरली. अधिकृत इतिहासात ही ‘गळती’ म्हणून नोंदता येईल. पण ज्या संघातून असा माणूस बाहेर पडतो, त्याची ती मिळकतच मानायला हवी.

पुढच्या काळात सोडण्याचे प्रसंग संथपणे आणि बरेचसे कागदोपत्री आले, म्हणून ते वर्तमानपत्रांत गाजले नाहीत. १९६८ मध्ये ‘केंब्रिज मिशन टू दिल्ली’ ही इंग्लंडमधली मूळ संस्था मोठ्या ‘यूएसपीजी’ या मिशन संस्थेत विलीन झाली आणि स्वतंत्र संस्था म्हणून संपली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथमंडळ्यांनी आपली वेगळी नावे पुसून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापले, त्यात अँग्लिकन मंडळीही होती. बाप्तिस्मा बालपणी द्यावा की कळत्या वयात, असल्या ज्या मुद्द्यांवर युरोपात शतकानुशतके भांडणे झाली, त्यांवर दोन्ही रीती चालू ठेवून एकत्र यायचे त्यांनी मान्य केले. नागपूर ऐक्याची ही गोष्ट मराठी माणसाला फारशी माहीत नाही, याचे मला नवल वाटते. याच सुमाराला ब्रदरहूडचे लक्षही सरकले. सेंट स्टीफन्स कॉलेज आणि तीस हजारीचे सेंट स्टीफन्स रुग्णालय आपापल्या पायांवर उभे होते. आणीबाणीत झोपड्या उठवून यमुनेपलीकडे नेलेल्या माणसांच्या पुनर्वसन वस्त्यांत दिल्ली ब्रदरहूड सोसायटीचे काम वाढले: मुलांची शाळा, बायकांसाठी आसरा, एकाकी म्हाताऱ्यांची घरी जाऊन देखभाल. एकोणिसाव्या शतकातली वरून झिरपण्याची कल्पना इथे उलटी झाली, आणि लाभार्थ्यांमध्ये ख्रिस्ती किती हा प्रश्नही मागे पडला.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप उघड आहे: साम्राज्याच्या सावलीत आलेल्या मिशनचा उत्सव स्वतंत्र भारतात का करावा? यातले तथ्य नाकारण्यात अर्थ नाही. ब्रिटिश राज्य हा ईश्वरी योजनेचा भाग आहे, असे मानणारे या घरात राहिले. सरकारी अनुदान, सरकारी ओळखी आणि गोऱ्या कातडीचा दरारा यांचा त्यांना फायदा मिळाला. पण वसाहतवादी म्हणून सगळे एका वाक्यात निकालात काढले तर इतिहासातले एक चमत्कारिक वास्तव हातून निसटते. चांदनी चौकात १९१२ मध्ये व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब पडला, त्या दिल्ली कटाच्या खटल्यात १९१५ मध्ये फाशी गेलेले मास्टर अमीर चंद याच मिशनच्या शाळेत शिक्षक होते. गदर चळवळीचे लाला हरदयाळ सेंट स्टीफन्सचे विद्यार्थी. याचे श्रेय मिशनला द्यावे, असे मी म्हणत नाही. मिशनला हे नको होते. मुद्दा एवढाच की एकदा दार उघडले की आत कोण येईल आणि काय शिकून बाहेर पडेल, यावरचा ताबा सुटतो. आणि या गटाची दखल घेण्याजोगी कामगिरी नेमकी ताबा सुटलेल्या जागीच दिसते. मौलवी झकाउल्ला यांच्यासारख्या जुन्या दिल्लीकर विद्वानाशी अँड्र्यूजची मैत्री झाली, त्यांच्यावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिले, तेही धर्मप्रचारकाची भूमिका बाजूला ठेवल्यावरच.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो आतून येतो. सोडून देण्याचे कौतुक सत्तेवर बसलेल्यांनाच परवडते. जे मुळात आपले नव्हते ते परत केले तर त्यात थोरवी कसली? शिवाय सगळेच सोडणारे गट टिकत नाहीत. याला दोन उदाहरणे हाताशी आहेत. सॅम्युअल स्टोक्स, अँड्र्यूज आणि दिल्ली ब्रदरहूडमधले वेस्टर्न यांनी १९१० मध्ये फकिरी वृत्तीचा एक नवा बंधुसंघ काढला. स्टोक्सनी १९१२ मध्ये लग्न केले आणि तो लवकरच विरला. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या पगाराला रामराम ठोकला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात यावेत, ही कल्पना त्या काळाच्या कितीतरी पुढे होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे उभा राहू शकला नाही. तेव्हा नुसता त्याग पुरत नाही, हे मान्यच करायला हवे.

मग ब्रदरहूड कसा टिकला? मला दिसणारे कारण असे, की त्याने पदे सोडली पण नियम सोडला नाही. एकत्र जेवण, ठरल्या वेळी प्रार्थना, सामायिक तिजोरी आणि वैयक्तिक मालमत्ता नसणे या गोष्टी चालू राहिल्या. १९५१ मध्ये येथे आलेले इयन वेदरॉल २०१३ मध्ये मरेपर्यंत याच घराचे सदस्य होते, म्हणजे सहा दशके एकाच शिस्तीत राहिले. बहुतेक संस्थांचा प्रवास नेमका उलटा होतो: सुरुवातीची कडक राहणी हळूहळू सुटते आणि खुर्च्या मात्र घट्ट धरल्या जातात. देशभर मिशनकाळच्या जमिनींवरून जे खटले कोर्टात पडून आहेत, ते त्याचेच फळ. पुण्यातले उदाहरण याच्या जोडीला ठेवता येईल. नारायण वामन टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लोंनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. खादी, जमिनीवर बसून जेवण, मराठी उपासना अशी राहणी ठेवली. व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे इथूनच गोंडांमध्ये काम करायला बाहेर पडले. विन्स्लो १९३४ मध्ये परतले, संघ दुभंगला, तरी शिवाजीनगरचे आश्रमाचे घर राहिले आणि सत्तरच्या दशकात रोमन कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींनी ते एकत्र चालवायला घेतले. ज्यांनी सुरू केले त्यांच्या कल्पनेत नसलेल्या माणसांकडे ते गेले. जे आपले नव्हते तेच परत केले, या आक्षेपालाही यात थोडे उत्तर आहे. परत करणाऱ्याला पुण्य मिळाले की नाही, हा हिशोब गौण आहे. रिकाम्या झालेल्या जागेत कोण उभे राहिले, हे पाहावे. रुद्र उभे राहिले. दर्यागंजात कोणालाच जागा दिली गेली नव्हती.

तिसरा आक्षेप आजच्या दिल्लीतला आहे. कोणी म्हणेल, या जुन्या घरातल्या मोजक्या बंधूंपेक्षा खरे पुनरुज्जीवन शहरात इतरत्र चालले आहे. नोएडा, गुरुग्राम, द्वारका येथल्या सदनिकांमध्ये भरणाऱ्या प्रार्थनासभा पाहा. केरळच्या परिचारिका, झारखंडहून घरकामाला आलेल्या आदिवासी मुली, ईशान्येकडची तरुण मुले तिथे येतात. कॅथलिकांमधली करिस्मॅटिक चळवळ १९६७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला सुरू झाली, १९७२ मध्ये मुंबईत आली आणि तिथून देशभर पसरली. तिची इथली पन्नाशी २०२२ मध्ये झाली. त्या सभांमध्ये परक्या शहरात एकट्या पडलेल्या माणसाला जे मिळते, त्याची टवाळी करणाऱ्यांत मी नाही. व्यसन सुटते, घरात मारहाण थांबते, कोणीतरी नावाने हाक मारते. पण वर्धापनदिनाचा माझा निकष मी तिथेही लावीन. पन्नास वर्षांत या चळवळीने चर्चमधला कोणता हक्क, कोणती उतरंड मोडली? सुरुवातीला सामान्य बायका-पुरुष तिच्यात पुढे होते, बायबल हातात घेऊन बोलत होते. पाळकांच्या मक्तेदारीला तो मोठा धक्का होता. पुढे अनेक ठिकाणी व्यासपीठ पुन्हा प्रसिद्ध प्रवचनकारांकडे आणि धर्मगुरूंकडे गेले. झारखंडची मुलगी सभेत रडते, साक्ष देते. मंडळीच्या कारभारी समितीत ती किती ठिकाणी बसते? भारतीय कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद असल्याचे स्वतःच कबूल केले होते. तेव्हा उत्साह कितीही असला तरी हा प्रश्न टळत नाही.

राहिला शेवटचा आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप: सेवा हे निमित्त, धर्मांतर हा हेतू. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा, आयुष्य मराठी लेखनात आणि वसईच्या पर्यावरणासाठी घालवलेल्या माणसावरही या संशयाची सावली पडलीच. या आक्षेपाला घोषणेने उत्तर देण्यात अर्थ नाही. दुष्काळात बाप्तिस्मे वाढले, हे मिशनच्याच कागदांत आहे. आणि त्याबद्दल शंका घेणारे पहिले लोकही मिशनरीच होते. पण तेच कागद पुढे हेही सांगतात, की आमिष म्हणतात ते समोर असताना दर्यागंजच्या बहुतेक चर्मकारांनी बिरादरी निवडली. ती माणसे कोणाच्या हातातली बाहुली नव्हती. त्यांनी हिशोब केला, वाद घातला, निर्णय घेतला. त्यांना फसवलेले गरीब ठरवणारा टीकाकार आणि त्यांना डळमळीत ख्रिस्ती ठरवणारा लेफ्रॉय या दोघांच्याही लेखी त्यांना स्वतःचे डोके नव्हते.

म्हणून २०२७ मध्ये काय व्हावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. दर्यागंजची गोष्ट आजवर लेफ्रॉयने लिहिली तशी किंवा त्याच्यावरून इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी सांगितली तशीच उपलब्ध आहे, आणि मिशनच्या कागदपत्रांचा मोठा भाग ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्याच्या प्रती दिल्लीत आणाव्यात, हिंदी-उर्दूत उपलब्ध कराव्यात आणि जुन्या दिल्लीतल्या ख्रिस्ती आणि चर्मकार दोन्ही कुटुंबांच्या हाती द्याव्यात. त्यांनी आपला इतिहास लिहावा, त्यात ब्रदरहूडची निंदा आली तरी छापावी. गोष्ट सांगण्याचा हक्क सोडणे हे प्राचार्यपद सोडण्याइतकेच कठीण आहे. दुसरे काम न्यायालयाशी निगडित आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशात हा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, आणि या दुसऱ्या दुरुस्तीचा अर्थ महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांचा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. विरोधकांचा मुख्य युक्तिवाद असा असतो, की ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग जातीचा तोटा कसला? १८८४ च्या पंचायतीचा वृत्तान्त या युक्तिवादाला छेद देतो. बाप्तिस्मा झालेल्या माणसांना बिरादरी आपलेच मानत होती, शहर त्यांना चर्मकारच म्हणत होते आणि मिशन त्यांच्यासाठी वेगळी घरे बांधत होते. आज ते बदलले का, हे यमुनेपारच्या वस्त्यांत रोज फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना कोणत्याही वकिलापेक्षा नीट माहीत आहे. ती साक्ष ब्रदरहूडने न्यायालयापुढे मांडावी. कोर्ट लेन ते सर्वोच्च न्यायालय हे अंतरही फार नाही.